शनीसाठी राखलेला रोल

आमच्या घरी बोलणं म्हणजे ओरडणं होतं. गोळीबार चौकामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या, आणि त्यांतली पुढची अख्खी खोली बाबांच्या मागाने अडवलेली. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सकाळी बसले की दुपारच्या जेवणापर्यंत खटखट थांबायची नाही. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं त्यांना वाटायचं. दाराशी उजेडात सुमनताई रहाट घेऊन बसायची आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. तिचा हात थांबला की थोड्या वेळाने माग थांबायचा आणि बाबा ओरडायचे, "सुमे, कांडी!" ती न ओरडता नुसता हात पुढे करायची. आमच्या घरात हळू बोलणारी ती एकटीच होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आठवीनंतर शाळा सुटलेली. रविवारी आई पाटोडीचा रस्सा करायची, तेव्हा आपल्या ताटातल्या दोन पाटोड्या ताई न बोलता माझ्या ताटात सरकवायची. मला ते हक्काचं वाटायचं. आज लिहिताना लक्षात येतं की तिला पाटोडी आवडते की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मला दुर्बिणीचं वेड लागलं. आमचे भौतिकशास्त्राचे सर दुर्बिणीचे आरसे स्वतः घासून करायचे. त्यांनी मला सहा इंच व्यासाची जाड गोल काच दिली आणि तिच्यावर दुसरी काच ठेवून मधे पूड टाकून घासायला शिकवलं. अंगणात एक रिकामा ड्रम होता, त्याच्याभोवती फिरत मी सहा महिने काच घासली. दमलो की ताई यायची. तिचा हात माझ्यापेक्षा सारखा चालायचा. "हे तं पोळी लाटल्यासारखंच हाय," ती म्हणायची. दुर्बिणीचा स्टँड बाबांनी जुन्या मागाच्या लाकडातून करून दिला. मग सरांनी आपला जुना रशियन कॅमेरा मला वापरायला दिला. रोलही तेच द्यायचे, पण एका वेळी एकच, आणि तो कशासाठी आहे हे सांगून. त्या उन्हाळ्यात सुटी लागताना त्यांनी छत्तीस फोटोंचा रोल माझ्या हातात ठेवला. "हा शनीसाठी. दुसरा आता कॉलेज उघडल्यावर."

शनीचं नाव घरात काढायची सोय नव्हती. अंगणात दुर्बीण लावली की आई कुरडयांच्या खाटेशेजारून म्हणायची, "सारं गाव शनीले टाळते, अन् माहा पोरगा त्याले नळीतून घरात बोलावून राहिला."

"आई, तो वायूचा गोळा हाय. त्याले तुहं घर माहीत नाही."

"त्याले नसन माहीत. तू दाखवून राहिला ना!"

बाबा हसायचे. मी हसायचो. मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो आणि आईच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे जेव्हा उत्तर द्यायची खरी वेळ आली तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

आकाशाच्या फोटोंची एक अडचण असते. ग्रहाचा फोटो म्हणजे जवळजवळ सगळा अंधार आणि मधे एक ठिपका. निगेटिव्हवर तो अंधार नुसता कोरा दिसतो, त्यामुळे एक फ्रेम कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे कापणाऱ्याला कळत नाही. सीताबर्डीतल्या एका स्टुडिओचे मनोहरराव माझे रोल धुऊन द्यायचे. त्यांच्या माणसाने माझ्या पहिल्याच रोलवर अंदाजाने कात्री चालवली आणि गुरूचे बरोबर मधून दोन तुकडे केले. मी रडवेला झालो तेव्हा मनोहरराव म्हणाले, "पहिला एक फोटो दिवसाचा काढत जा गा. माणसाचा, झाडाचा, कायचाबी. तिथून आम्ही मोजत जातो." तेव्हापासून माझ्या प्रत्येक रोलवरची पहिली फ्रेम दिवसाची असायची. कधी ड्रम, कधी शेजाऱ्यांची बकरी. त्या फ्रेमचा उपयोग खुणेपुरता, ती मी छापून घेत नसे.

शनीचा रोल कॅमेऱ्यात भरला त्याच आठवड्यात उमरेडचे मामा स्थळ घेऊन आले. आईच्या हातचं पन्हं पिऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पोरगा कळमेश्वरले कारखान्यात फिटर हाय. निर्व्यसनी. सिफ्ट ड्युटी असल्यानं सुटी भेटत नाही. त्याची माय म्हणते पहिले फोटो दाखवा, पोरानं हो म्हटलं का मंग पाहाले येऊ."

"चाल मंग सुमे, स्टुडिओत," आई म्हणाली.

ताईचा रहाट थांबला. वर्षभरापूर्वी एका फोटोवाल्याने तिची हनुवटी बोटाने वर केली होती आणि "अशी हस, अशी" म्हणत गालाला हात लावला होता. ती तशीच उठून घरी आली होती. आईला तिने हे सांगितलं होतं, बाबांना नाही. ती हळूच म्हणाली, "रमेश काढन ना माहा फोटो."

"बरोबर!" बाबा खड्ड्यातून ओरडले. "घरात फोटोग्राफर हाय ना! आभाळाचे फोटो काढते, बहिणीचा एक नाही काढणार?"

मी आनंदाने तयार झालो. रोलला पहिली फ्रेम हवीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास, ऊन कडक व्हायच्या आधी, मी ताईला अंगणातल्या भिंतीपाशी उभं केलं. तिने बाबांनीच विणलेलं करवतकाठी लुगडं नेसलं होतं, आईच्या पाटल्या घातल्या होत्या आणि केसांना इतकं पाणी लावलं होतं की कानामागून थेंब ओघळत होता.

"हसू काय गा?"

"थोडंसं."

"दात दिसले तं?"

"दिसू दे."

"मामीनं सांगितलं होतं दात दाखवू नको म्हणून."

"मामी काढून राहिली काय फोटो? श्वास धर आता. हलू नको."

दिवसाच्या फोटोला श्वास धरायची काही गरज नसते, क्षणाच्या एका तुकड्यात काम होतं. पण मला ग्रहांची सवय होती आणि थोडा रुबाबही दाखवायचा होता. ती श्वास कोंडून उभी राहिली. मी बटण दाबलं आणि तसाच डोळा लावून उभा राहिलो. शेवटी तिने ओठ न हलवता विचारलं, "सोडू काय गा? जीव चालला माहा." आम्ही दोघं इतके हसलो की आई बाहेर आली. ताई तशी हसताना मी पुढे फार वेळा पाहिली नाही.

मामा पुढच्या रविवारी फोटो न्यायला येणार होते. त्या आठ दिवसांत मी रोज रात्री शनीच्या मागे होतो. आमच्या गल्लीत शनीचा फोटो घेणं ही सोपी गोष्ट नव्हती. दिवसभर तापलेली कौलं मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकायची आणि त्या वाफेत शनी उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखा नाचायचा. त्यात मागच्या गल्लीत पावरलूम आले होते. त्यांची रात्रपाळी सुरू असली की जमीन थरथरायची आणि दुर्बिणीत सगळं आकाश थरथरायचं. मला हवी होती एक रात्र, जिच्या आधी पाऊस पडून कौलं गार झाली आहेत आणि वीज जाऊन पावरलूम बंद पडले आहेत. हट्टाने मी तेरा फ्रेम घेतल्या, सगळ्या बिघडलेल्या असणार हे मला घेतानाच कळत होतं. ताईची धरून चौदा झाल्या. बावीस उरल्या.

रोज जेवायला वाढताना ताई विचारायची, "आला काय फोटो?"

"येईन ना. टाकला हाय धुवाले." रोल कॅमेऱ्यातच होता.

मला खोटं बोलायची गरज नव्हती. मनोहरराव काळ्या पिशवीत हात घालून झालेला भाग कापून धुऊन द्यायचे. एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून त्यांनी माझ्यासमोरच तसं केलं होतं. उरलेला रोल परत भरताना दोन-तीन फ्रेम वाया जायच्या, इतकंच. प्रकाश शिरला तर सगळाच जाईल, असंही मी मनाला सांगत होतो. पण ती भीती मी सबब म्हणून वापरत होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी मनोहररावांना विचारायलासुद्धा गेलो नाही. दोन-तीन फ्रेम, बावीसमधल्या.

रविवारी मामा आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आण गा फोटोग्राफर." माग बंद होता. बाबा, आई, दोघंही माझ्याकडे पाहत होते. ताई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. उद्या देतो म्हणावं असं मनात होतं, पण मामांची सहाची बस होती आणि कळमेश्वरला त्यांना दुसऱ्याच दिवशी जायचं होतं.

मी म्हणालो, "खराब आला फोटो."

"काहून?" मामांनी विचारलं.

"ताई हलली."

ताई चौकटीपासून पुढे आली. "मी तं हलली नव्हती ना गा. श्वास बी घेतला नव्हता."

"हललीच तू. तोंड सारं पुसल्यासारखं आलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. खोटं बोलताना नजर वळवायची नाही हे मला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. नजर तिनेच खाली केली.

मामा उठले. "ठीक हाय. अजून दुकानं उघडी हायत. चाल वं सुमन, सीताबर्डीले जाऊ, घंट्याभरात काढून देतात."

"मी नाही येत."

"काहून?"

"नाही येत म्हटलं ना मामा. माहं तोंड फोटोत येतच नाही." ती आत गेली. आईने समजावलं, बाबा ओरडले, पण ती आली नाही. मामा फोटोशिवाय गेले.

दहाएक दिवसांनी निरोप आला. मुलाच्या आईचं म्हणणं होतं की फोटो लपवतात म्हणजे मुलीत काही तरी खोड असणार. त्यांनी दुसरीकडे ठरवलं. ते ऐकून बाबा खड्ड्यात उतरले आणि माग जोरात चालवू लागले. आई मात्र माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तरी म्हणत होती मी. नको लावू त्याच्याकडे नळी. घरात लग्नाची पोरगी हाय. त्यानं पाहिलं ना तिच्याकडे!"

माझ्याकडे उत्तर होतं. वायूचा गोळा, त्याचं अंतर, सगळं. ते सांगितलं असतं तर आईने विचारलं असतं, मग कशाने मोडलं? म्हणून मी गप्प बसलो. आईने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ असा घेतला की मुलाला शेवटी पटलं. त्या शनिवारपासून ताईने उपास धरला. तेलाची वाटी आणि मूठभर काळे उडीद घेऊन ती देवळात जायची, मी सायकलवर तिला ओलांडून पुढे जायचो.

मला हवी होती ती रात्र वैशाखाच्या शेवटी आली. संध्याकाळी वादळ झालं, गारांचा एक सडाका येऊन गेला आणि वीज गेली. पावरलूम गप्प झाले. मध्यरात्रीच्या सुमारास आभाळ धुतल्यासारखं निघालं. मी नळीला डोळा लावला आणि ओरडायचाच बाकी राहिलो. शनी स्थिर होता, त्याचं कडं वेगळं, गोळ्यापासून सुटलेलं. खाटेवर ताई जागी होती. ती उठून आली आणि नेहमीसारखं टॉर्चवर लाल फडकं धरून मला घड्याळ दाखवू लागली. नळीपुढे काळा पुठ्ठा धरायचा, कॅमेऱ्याचा पडदा उघडायचा, हिसका शांत झाला की पुठ्ठा काढून चार मोजायचे, पुन्हा झाकायचं. चार ती मोजायची. तिचे चार नेहमी सारखे असायचे.

मधे तिने विचारलं, "मले दाखवतो?"

मी बाजूला झालो. ती बराच वेळ पाहत राहिली. "खरंच कडं हाय वं माय," ती म्हणाली. मग तिने चप्पल काढली, दुर्बिणीसमोर हात जोडले आणि अगदी हळू, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "शनिदेवा, माह्यावरचं उतरव."

कॅमेरा माझ्या हातात होता. तिचा फोटो त्याच्या आत, त्या रोलच्या टोकाला होता. तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, आई-बाबा झोपले होते. मी म्हणालो, "सरक ताई, ढग येतील." आणि मी बावीसच्या बावीस फ्रेम घेतल्या. सगळ्या तिने मोजून दिल्या.

मनोहररावांनी रोल धुतला, निगेटिव्ह दिव्यासमोर धरलं आणि आधी शनी न पाहता पहिलीच फ्रेम पाहिली. "बहीण हाय काय तुही? झकास आली. छापू?"

"नको," मी म्हणालो.

शनीचा एक फोटो फारच चांगला आला होता. सरांनी तो कॉलेजच्या काचेच्या फलकात लावला, खाली माझं नाव. मी त्याची एक प्रत घरी नेली. बाबांनी ती हातात घेऊन उजेडाकडे नेली, उलटी केली, सुलटी केली. काळ्या कागदाच्या मधोमध तिळाएवढा शनी. "एवढंच?" त्यांनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच वाटलं होतं की बाकीचा फोटो अजून यायचा आहे.

ताईचं लग्न पाच वर्षांनी झालं. बिजवर होते, पहिल्या बायकोचा एक मुलगा होता. दाजी सरळ माणूस होते आणि त्यांनी ताईला दुखवलं नाही, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे, जणू त्याने माझा हिशोब फिटतो. पण लग्नाच्या अल्बममध्ये ती प्रत्येक फोटोत खाली पाहते आहे. पुढे माझं लग्न, मुलांची बारशी, वास्तुशांत, सगळीकडे तेच. फोटोवाला "चला, इकडे बघा," म्हणाला की ती उठून पाणी आणायला जायची. "माहा नको काढू, खराब येते," असं ती हसून सांगायची आणि तिचं पाहून आमच्या घरातली मुलंसुद्धा म्हणू लागली, आत्याचा फोटो चांगला येत नाही. त्या प्रत्येक वेळी मी तिथे हजर होतो. बऱ्याचदा कॅमेरा माझ्याच हातात होता.

दाजी गेले त्या वर्षी भिंतीवर लावायला दोघांचा एकत्र फोटो शोधला. तिचा चेहरा दिसेल असा एकही सापडला नाही. तेव्हाही मी बोललो नाही. बोललो गेल्या हिवाळ्यात, हे प्रकरण लिहायला घेतल्यावर. लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी सगळ्या वाचणाऱ्यांना सांगायला निघालो आहे आणि तिला सांगितलेलं नाही. आकाशाचे निगेटिव्ह मी पाकिटांत जपून ठेवले आहेत. शनीचं पाकीट शोधावं लागलं नाही, ते कुठे आहे हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. पहिली फ्रेम छापून घेतली आणि हुडकेश्वरला गेलो. ताई तिथे मुलाकडे राहते. ती अंगणात खुर्ची टाकून मेथी निवडत होती. बसायच्या आधीच मी लिफाफा तिच्या हातात दिला, नाही तर पुन्हा धीर झाला नसता.

तिने चष्मा लावला. फोटो जवळ नेला, लांब नेला.

"हे कोण?" मग स्वतःच म्हणाली, "हे लुगडं बाबाचं हाय." तिने चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला. "हे मी हाय काय गा?"

"हो."

"हललेलं तं नाही."

"नाही ताई. तू हलली नव्हती. मी तेव्हा रोल धुतलाच नव्हता." मी सगळं सांगितलं. उरलेल्या फ्रेम, मनोहररावांची काळी पिशवी, आईचा शनी आणि माझं गप्प बसणं. मी क्षमा मागितली. बोलताना माझा आवाज मोठा झाला होता, माग चालू असल्यासारखा.

तिने मान वर केली नाही. तिने फक्त एकच विचारलं. "किती उरले होते म्हणाला?"

"बावीस."

"बावीस," ती म्हणाली, आणि मांडीवरची मेथी बाजूला ठेवली. मग तिने आत हाक मारली, "रंजना, इकडे ये वं जराशी." सून हात पुसत बाहेर आली. ताईने फोटो तिच्यापुढे धरला. "हे पाय. मी."

"अय्या आई! किती छान दिसत होत्या तुम्ही."

"हो ना," ताई म्हणाली. "चांगली तं दिसत होती मी." ती उठली, "मामाले चहा दे," असं सुनेला सांगितलं आणि फोटो घेऊन आतल्या खोलीत गेली.

चहा आला. मी तो हळूहळू प्यायलो, कप रिकामा झाला तरी बसून राहिलो. रंजनाने दोनदा आत डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात निघून गेली. ऊन उतरलं. शेवटी मी उठलो आणि दारातून हाक दिली, "ताई, येतो मी."

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "फाटक ओढून घेजो."

मी फाटक ओढून घेतलं आणि कडी नीट लागली का, ते हात लावून पाहिलं.